लिव्हिंग्स्टनची पहिली कबर

आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याला दोन कबरी आहेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतली सगळ्यांना ठाऊक असते. पहिली आजच्या झांबियात, चितांबो या प्रमुखाच्या गावी, एका म्वुला झाडाखाली. तिथे त्याचं हृदय पुरलेलं आहे. त्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचणारा तरुण शिकला होता आपल्या नाशिकला.

आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि ट्रॅफिक आठवतो. पण चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी 1854 मध्ये वसवलेलं शरणपूर तेव्हा गावाबाहेर होतं. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी पोरं मुंबईमार्गे इथे येत. सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणं-वाचणं शिकत. प्रार्थना वाचणारा तो तरुण, याओ जमातीचा जेकब वेनराइट, त्यांतलाच. 1865 मध्ये लिव्हिंग्स्टन स्वतः नाशिकला आला आणि काही पोरं त्याच्यासोबत आफ्रिकेला निघाली. जेकबची तुकडी मात्र 1872 मध्ये पत्रकार स्टॅन्लीने मागाहून धाडलेली.

1 मे 1873 च्या पहाटे चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत सापडला. त्याला तिथेच पुरून मोकळं होता आलं असतं. पण त्याचे जुने सेवक चुमा, सुसी आणि मंडळींनी शव किनाऱ्यापर्यंत न्यायचं ठरवलं. हृदय आणि आतडी काढून पत्र्याच्या डब्यात पुरली, शरीरात मीठ भरलं, दोन आठवडे उन्हात वाळवलं. मग कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातलं, वर शिडाचं कापड शिवून डांबर फासलं. जेकबने झाडावर लिव्हिंग्स्टनचं नाव आणि तारीख कोरली: 4 मे. तीन दिवसांची ही तफावत अभ्यासकांना आजही छळते. काफिल्यातल्या काहींची नावंही त्याने कोरली; स्वतःचं नाही.

वाटेत उन्यान्येंबे इथे भेटलेल्या ब्रिटिश लेफ्टनंट कॅमेरनने सल्ला दिला, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. शव म्हणजे अपशकुन, म्हणून पुढे कापडाचा गठ्ठा असल्याचं भासवत त्यांनी ते फेब्रुवारी 1874 मध्ये किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचवलं. लंडनमध्ये ओळख पटली ती डाव्या दंडाच्या हाडावरून. तिथे 1844 मध्ये सिंहाने चावा घेतला होता.

18 एप्रिल 1874 च्या अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये स्टॅन्लीसोबत जेकब होता. चुमा आणि सुसी नव्हते. त्यांना इंग्लंडला नेलं गेलं, पण दफन उरकल्यावर. अ‍ॅबीतल्या शिळेवर शव आणणाऱ्या निष्ठावान हातांचा उल्लेख आहे, नाव एकाचंही नाही. मला हे कौतुक अपुरं वाटतं. निष्ठा होतीच, पण त्याहून मोठी होती ती निर्णयशक्ती: गोऱ्या अधिकाऱ्याला नकार देण्याची आणि शव लपवून नेण्याची. शिवाय जेकब नुसता हमाल नव्हता. तो रोजनिशी लिहीत होता. तिचं जर्मन भाषांतर 1874 मध्येच छापलं गेलं. जेकबच्या हातचं इंग्रजी हस्तलिखित डिजिटल रूपात प्रसिद्ध व्हायला 2019 उजाडलं.