मागे बसणाऱ्याचा टेकू

संध्याकाळी अंधेरी-घाटकोपर जोडरस्त्यावर थोडा वेळ उभे राहून पाहा. साकीनाक्याच्या सिग्नलला दुचाक्यांची केवढी दाटी होते! आपले लक्ष सहसा गाडी चालवणाऱ्याकडे जाते. आज मात्र आपण त्याच्या मागे बसलेल्या माणसाकडे पाहू. कोणी कामावरून परतणारा कारागीर असतो, कोणी शिकवणीला निघालेला मुलगा. कोठे एका बाजूला पाय सोडून बसलेली अम्मी दिसते, तर कोठे दवाखान्यातून घरी चाललेली दादी. या सर्वांची अडचण एकच असते. त्यांच्या हातात हँडल नसते आणि पायाखाली ब्रेक नसतो. गाडी कधी निघेल, कधी थांबेल आणि खड्डा कधी येईल, हे त्यांना आधी कळत नाही. गाडीचा प्रत्येक धक्का त्यांना अचानक बसतो.

या धक्क्यांपासून आधार मिळावा म्हणून काही जण मागच्या सीटला पाठीचा टेकू बसवून घेतात. दुकानात त्याला ‘बॅकरेस्ट’ म्हणतात. लोखंडी नळीची चौकट आणि तिच्यावर रेक्झिन लावलेली छोटी गादी, असे त्याचे रूप असते. ही वस्तू नवी नाही. पूर्वी बजाज चेतकसारख्या स्कूटरच्या मागे स्टेपनी असे आणि तेथे असा टेकू लावलेल्या स्कूटरी रस्त्यावर दिसत. पुढे बजाज ॲव्हेंजरच्या क्रूझ प्रकारात कारखान्यातूनच मागे टेकू लावून मिळू लागला. इतर बहुतेक गाड्यांसाठी तो बाजारातून वेगळा घ्यावा लागतो.

आता प्रश्न असा, की या टेकूमुळे मागचा माणूस खरोखर सुरक्षित होतो, की त्याला नुसता आराम मिळतो? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला विज्ञानाच्या तासाला शिकलेल्या गोष्टी उपयोगी पडतील.

जी वस्तू स्थिर आहे ती स्थिरच राहू पाहते आणि जी चालत आहे ती त्याच वेगाने चालत राहू पाहते. या गुणाला मराठीत ‘जडत्व’ म्हणतात. उर्दूत त्याला ‘जमूद’ म्हणतात. सिग्नल हिरवा झाला आणि गाडी झटक्यात निघाली, की सीट पुढे जाते. पण आपले शरीर जागेवरच राहू पाहते. म्हणून आपण मागे फेकले जातो. गाडी अचानक थांबली, तर उलट घडते. शरीर पुढे जात राहते आणि आपण चालवणाऱ्याच्या पाठीवर आदळतो.

यांपैकी कोणता धक्का मोठा? आपण हिशेब करू. समजा, मागे बसलेल्या माणसाचे वजन 50 किलो आहे आणि गाडीने 5 सेकंदांत ताशी 40 किलोमीटर वेग घेतला. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. तेव्हा त्या माणसाला मागे लोटणारा जोर सुमारे 11 किलो वजनाइतका होतो. आता तीच गाडी त्याच वेगाने जात असताना समोर रिक्षा आडवी आली आणि 2 सेकंदांत ब्रेक लावून थांबावे लागले. या वेळी माणसाला पुढे लोटणारा जोर सुमारे 28 किलो वजनाइतका होतो. म्हणजे निघतानाच्या धक्क्यापेक्षा थांबतानाचा धक्का अडीच पट मोठा झाला.

येथेच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. टेकू पाठीमागे असतो. तो फक्त मागे जाणाऱ्या शरीराला अडवतो. पुढे जाणाऱ्या शरीराला तो अडवू शकत नाही. गाडी घसरून आडवी पडली, तर बाजूला पडणाऱ्यालाही तो धरून ठेवत नाही. लहान धक्क्यात मदत आणि मोठ्या धक्क्यात काहीच नाही, अशी त्याची स्थिती आहे.

म्हणून टेकू अगदी निरुपयोगी आहे, असे मात्र समजू नका. घाटकोपरच्या असल्फा भागात टेकडीवर चढणारे रस्ते आहेत. अशा चढावर मागचा माणूस सीटवरून मागे सरकतो. पावसाळ्यात सीट ओली असेल, तर आणखी सरकतो. म्हाताऱ्या माणसाच्या मुठीत फार जोर नसतो. त्यांना कंबरेमागे आधार मिळाला, तर बरे वाटते. मुलुंडहून बोरिवलीपर्यंत जायचे असेल आणि वाटेत तासभर रहदारीत अडकावे लागले, तर पाठ दुखून येते. तेथेही टेकू कामाचा आहे. या सर्व ठिकाणी तो थकवा कमी करतो आणि मागे घसरण्याची भीती कमी करतो.

परंतु हा फायदा मिळण्यासाठी टेकू पक्का बसवलेला असला पाहिजे. पुष्कळदा दुकानदार म्हणतो, “साहेब, चार स्क्रू मारून देतो, दहा मिनिटांचे काम आहे.” अशा वेळी घाई करू नये. टेकू म्हणजे एक तरफ आहे. समजा, वरचा बोल्ट आणि पाठ टेकण्याची जागा यांत 30 सेंटिमीटर अंतर आहे आणि दोन बोल्टांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर आहे. पाठीचा भार 10 किलो पडला, तर खालच्या बोल्टवर त्याच्या तिप्पट, म्हणजे 30 किलोंचा ताण येतो. वरच्या बोल्टवर तर 40 किलोंचा ताण येतो. खड्ड्यात गाडी आदळली, की हा ताण आणखी वाढतो. हे रोज शेकडो वेळा घडते. पत्रा पातळ असेल, तर हळूहळू चीर पडते. मग एखाद्या दिवशी, माणूस निर्धास्तपणे टेकून बसलेला असताना, टेकू मोडतो. टेकू नसता तर तो माणूस सावध बसला असता. म्हणून कच्चा टेकू हा टेकू नसण्यापेक्षा वाईट असतो.

आणखी एक चूक आपल्याकडे सर्रास होते. टेकूला जागा करण्यासाठी सीटमागची पकडण्याची दांडी काढून टाकतात. ही दांडी शोभेसाठी दिलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यातील नियम 123 प्रमाणे मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला तीन गोष्टी असाव्याच लागतात. पहिली, हाताने धरण्यासाठी पक्की मूठ किंवा दांडी. दुसरी, पाय ठेवण्यासाठी फुटरेस्ट. तिसरी, मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी, म्हणजे आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते. ओढणी, साडीचा पदर किंवा बुरख्याचा घोळ चाकात अडकू नये म्हणून हा नियम केलेला आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून काही तरुण साडीगार्ड काढून टाकतात. त्यांच्या घरातील स्त्रियांच्या जिवाशी हा खेळ आहे.

एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या स्त्रियांचा विचार तर वेगळाच करावा लागतो. त्यांचे तोंड रस्त्याच्या डाव्या बाजूला असते. त्यामुळे टेकू त्यांच्या पाठीमागे येतच नाही. तो त्यांच्या डाव्या कुशीजवळ येतो. पाठीमागे मोकळा रस्ता असतो. अशा वेळी उजवा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर आणि डावा हात मागच्या दांडीवर, हाच खरा आधार असतो. दांडी काढून तेथे टेकू लावला, तर डाव्या हाताला धरायला काही उरत नाही. शिवाय टेकूची लोखंडी कड उघडी असेल, तर खड्ड्यात ती बरगडीला लागते. ज्या घरात मागे बसणारी व्यक्ती नेहमी एका बाजूला बसते, त्या घराने टेकूवर पैसे खर्च करण्यापूर्वी दांडी, फुटरेस्ट आणि साडीगार्ड जागेवर आहेत की नाहीत, हे पाहावे. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे अधिक सुरक्षित आहे, कारण मग तोल दोन्हीकडे सारखा राहतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर टेकूवर मुळीच विसंबू नये. मूल झोपी गेले, की ते बाजूला कलते. टेकू त्याला थोपवत नाही. 15 फेब्रुवारी 2023 पासून देशात नवा नियम लागू झाला आहे. 9 महिने ते 4 वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षापट्टा बांधावा लागतो, त्याच्या डोक्यावर मापाचे हेल्मेट घालावे लागते आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. टेकूमुळे सीटवर जागा झाली, असे समजून तिसऱ्या माणसाला बसवणेही चुकीचे आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 128 प्रमाणे चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस बसू शकतो.

काही लोक टेकूला पिशव्या अडकवतात. दप्तर, भाजीची पिशवी, कधी दुधाची बरणीसुद्धा! मागच्या चाकाच्याही मागे वजन लोंबू लागले, की पुढचे चाक हलके होते. मग हँडल थरथरते आणि वळणावर गाडी नीट वळत नाही. टेकू पाठीसाठी आहे, सामानासाठी नाही.

मग टेकू घ्यावा की न घ्यावा? घरातील वडीलधारी माणसे रोज मागे बसत असतील, लांबचा प्रवास असेल किंवा कंबरदुखी असेल, तर जरूर घ्यावा. जवळच्या बाजारात जाण्यापुरती गाडी लागत असेल, तर त्याची विशेष गरज नाही. घेताना मात्र या गोष्टी तपासून पाहाव्यात :

1. टेकू आपल्याच गाडीच्या मापाचा असावा. शक्यतो गाडीच्या कंपनीने त्या गाडीसाठी बनवलेला घ्यावा.
2. तो प्लॅस्टिकला किंवा पातळ पत्र्याला न बसवता गाडीच्या मूळ सांगाड्यावरील बोल्टच्या जागी बसवावा. सांगाड्याला भोक पाडू नये किंवा वेल्डिंग करू नये.
3. पकडण्याची दांडी जागेवर राहावी. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जाऊ नये.
4. गादीच्या कडा गोल असाव्यात. लोखंड उघडे राहू नये.
5. दर महिन्याला टेकू हाताने हलवून पाहावा. तो हलत असेल, तर बोल्ट आवळावेत. चीर दिसली, तर तो काढून टाकावा.

चढउतारातही एक सवय लावून घ्यावी. टेकू असलेल्या गाडीवर पाय मागून फिरवून टाकता येत नाही. पाय अडकून पडण्याची भीती असते. म्हणून गाडी बंद असताना, चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर असताना आणि त्याने होकार दिल्यावरच चढावे.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 2022 या एका वर्षात भारतात हेल्मेट न घातलेल्या 50 हजारांहून अधिक दुचाकीस्वारांचा अपघातात मृत्यू झाला. त्यांपैकी 14 हजारांहून अधिक लोक मागे बसलेले होते. त्याच वर्षी, 9 जून 2022 पासून, मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालण्याची सक्ती अमलात आणली. तरीही आपल्या वस्त्यांत पुष्कळदा एकच हेल्मेट दिसते आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर असते. रस्त्यावर पडल्यावर डांबर मात्र पुढचा कोण आणि मागचा कोण हे पाहत नाही.

म्हणून घरात पैसे मोजकेच असतील, तर क्रम असा ठेवा : आधी दुसरे हेल्मेट, मग दांडी, फुटरेस्ट आणि साडीगार्ड यांची दुरुस्ती आणि त्यानंतर टेकू. टेकू पाठीला आराम देतो. जीव वाचवण्याचे काम हेल्मेट, घट्ट पकड आणि बेताचा वेग या तीन गोष्टी करतात. आज घरी गेल्यावर आपल्या किंवा शेजारच्या गाडीची मागची सीट नीट पाहा. दांडी हलते का, फुटरेस्ट उघडतो का, साडीगार्ड आहे का, हे तपासा आणि जे दिसेल ते अब्बांना किंवा मोठ्या भावाला सांगा. मागे बसणारी दादी कदाचित स्वतः हे सांगणार नाही. तिच्या वतीने तुम्ही सांगा.