न गळणाऱ्या घराची घुसमट

कॅनडातील विनिपेग शहरात १९६८ मध्ये एक गंमतशीर घर तयार झाले. अंड्यासारखे गोलसर, जेमतेम १३ फूट लांब, दोन चाकांवर उभे आणि साध्या मोटारीच्या मागे जोडून नेता येईल इतके हलके. ते घडवणारे रे ओलेको त्याआधी फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्यांच्या कामात होते. जमिनीत पुरलेली टाकी ज्या पदार्थामुळे झिरपत नाही, त्याच पदार्थाचे हे घर होते. बोलर हॅटसारख्या आकारावरून त्याला ‘बोलर’ हे नाव मिळाले. पुढे अमेरिकेत मिनेसोटामध्ये ‘स्कॅम्प’ आणि टेक्सासमध्ये ‘कसिटा’ हे त्याचे भाऊबंद तयार होऊ लागले. चाळीस-पन्नास वर्षांचे असे ट्रेलर आजही तिकडच्या रस्त्यांवर धावताना दिसतात. निवृत्त जोडपी ते हौसेने घेतात, स्वतः दुरुस्त करतात आणि महिनोन्‌महिने त्यात राहतात. तिकडे मुलांकडे गेलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांनाही अशा घरात रात्र काढण्याचा योग येऊ शकतो.

या घराचे दीर्घायुष्य त्याच्या घडणीत आहे. काचेचे बारीक तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून साच्यात थर देतात. अशा प्रकारे वरचा आणि खालचा असे दोन भाग तयार होतात आणि पेटीच्या झाकणासारखे एकमेकांवर बसवून जोडले जातात. कोकणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या पाहिलेल्यांना हे तंत्र वेगळे समजावून सांगायला नको. लाकडी सांगाड्यावर पत्रे ठोकून केलेल्या ट्रेलरला अनेक सांधे असतात आणि प्रत्येक सांधा पावसाला वाट देऊ शकतो. साच्यातल्या घराला सांधे मोजकेच.

मात्र जे कवच बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ते आतले पाणी आणि आतली हवाही बाहेर जाऊ देत नाही. आरोग्याच्या दृष्टीने या घराची सगळी कहाणी या एका वाक्यात आहे.

अर्धा लिटर पाणी कुठे जाते?

झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून सतत पाण्याची वाफ बाहेर पडत असते. दोन माणसे आठ तास झोपली तर मिळून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जाते. १३ फुटी ट्रेलरच्या आत सुमारे १० घनमीटर हवा असते, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीतल्या हवेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. २० अंश तापमानाला एवढी हवा जास्तीत जास्त १७० ग्रॅम वाफ धरू शकते आणि हवा थंड झाली की त्याहूनही कमी. उरलेले पाणी खिडकीच्या काचेवर, भिंतीच्या गार पृष्ठभागावर आणि गादीच्या खालच्या बाजूला थेंब होऊन बसते.

त्यात आतल्या शेगडीची भर पडते. एक किलो प्रोपेन गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. चहासाठी आधण ठेवले तर भांड्यातून निघणारी वाफ आपल्याला दिसते, पण ज्योतीतून निघणारी दिसत नाही. सकाळी भिंती ओल्या दिसल्या की मालक छत गळते असे समजून रिव्हेट आणि खिडक्यांच्या कडा सील करत सुटतो. पाणी मात्र त्याच्याच श्वासाचे असते आणि फटी बुजवल्याने ओल आणखी वाढते.

या ओलीवर बुरशी धरते. भिंतीच्या आतल्या बाजूला फोमचे किंवा कापडी अस्तर असते. त्याच्या मागे, गाद्यांखाली आणि कपाटाच्या कोपऱ्यात ती दिसण्याआधी तिचा कुबट वास येतो. घरातील ओल व बुरशी आणि खोकला, घरघर, दमा यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टपणे मांडला आहे. ज्यांना आधीच दमा आहे, त्यांना अशा ट्रेलरमधली सहल महागात पडू शकते. उपाय बिनखर्चाचा आहे. छतावरचे झडप आणि खालची एखादी खिडकी रात्रभर दोन बोटे उघडी ठेवायची. गरम, दमट हवा वरून निघून जाते आणि ताजी हवा खालून येते. थंडीत हे जिवावर येते, पण पांघरूण वाढवता येते, हवा वाढवता येत नाही.

वास नसलेला पाहुणा

बुरशी त्रास देते, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. इंधन अपुऱ्या हवेत जळले की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. ट्रेलरमध्ये हाच धोका असतो, फक्त खोली आणखी लहान असते.

रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेतले थोडेसे प्रमाणही हळूहळू रक्तात साठत जाते. डोके दुखते, मळमळते, गरगरते, थकवा येतो. प्रवासात माणूस याचा दोष बाहेरच्या खाण्याला किंवा दगदगीला देतो. एकाच ट्रेलरमधल्या सगळ्यांचे डोके एकाच सकाळी दुखत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटत असेल, तर कारण जेवणात शोधू नये. झोपेत असलेल्याला तर ही सूचनाही मिळत नाही.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर येथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन यांतला फरक साध्या यंत्राला कळत नाही. आकडा ९८ दिसतो आणि रुग्ण गुदमरत असतो. अशा वेळी आधी सगळ्यांना बाहेर काढावे, मग रुग्णालय गाठावे. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम साधारण तासा-दीड तासात होते.

ट्रेलरमधली भट्टी सहसा बंदिस्त असते. तिचा धूर नळीने थेट बाहेर जातो. अडचण येते ती नळी तुंबल्यावर. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा असला की कुंभारमाश्या आणि कोळी तिच्यात घर करतात. दुसरी चूक म्हणजे ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवून झोपणे. तिसरे कारण शेजारच्या गाडीचा जनरेटर. त्याचा धूर आपल्याच उघड्या खिडकीतून आत येऊ शकतो. म्हणून जनरेटर कुठे आहे आणि वारा कोणत्या बाजूचा आहे, हे पाहूनच खिडकी निवडावी.

या घरात दोन गजर हवेत. कार्बन मोनॉक्साइडचा झोपण्याच्या जागेजवळ आणि गॅसगळतीचा जमिनीलगत. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्यामुळे गळाला की तळाशी साचतो. या यंत्रांना मुदत असते, साधारण पाच ते दहा वर्षे. जुना ट्रेलर विकत घेताना लोक टायर बघतात, पडदे बघतात, पण गजराच्या मागे छापलेली तारीख बघत नाहीत.

नव्या घराचा वास

नवीन वस्तूचा वास अनेकांना आवडतो. २००५ मध्ये कतरिना वादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हजारो कुटुंबे बेघर झाली आणि सरकारने त्यांना राहायला ट्रेलर दिले. ते साच्यातले नव्हते, नेहमीच्या प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डच्या बांधणीचे होते. काही काळाने रहिवाशांनी डोळे चुरचुरणे, नाकातून रक्त येणे, खोकला अशा तक्रारी केल्या. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, ५१९ घरांतली हवा तपासली. फॉर्माल्डिहाइडचे सरासरी प्रमाण हवेच्या एक अब्ज भागांत ७७ भाग निघाले, काही घरांत ५०० च्याही वर. शवविच्छेदनाच्या खोलीत ज्याने डोळ्यांतून पाणी येते, त्या फॉर्मलिनमधलाच हा वायू. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. लाकडी फळ्यांमधून बाहेर पडणाऱ्या या वायूवर मर्यादा घालणारा कायदा अमेरिकेत २०१० मध्ये झाला.

फायबरग्लासच्या ट्रेलरमध्ये लाकूड कमी असते, पण नसतेच असे नाही. जमीन आणि कपाटे बहुधा लाकडीच असतात. शिवाय नव्या रेझिनमधून स्टायरीनचा वास येतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की फॉर्माल्डिहाइड जास्त सुटतो. त्यामुळे उन्हात बंद उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये लगेच जाऊन पडू नये. आधी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात.

हिवाळ्यानंतरची साफसफाई

तिकडे हिवाळाभर ट्रेलर उभा करून ठेवतात. पाण्याच्या नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गोठणरोधक द्रव भरतात. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी प्रोपिलीन ग्लायकॉलवर आधारित, गुलाबी रंगाचा द्रव मिळतो. मोटारीच्या रेडिएटरमधला इथिलीन ग्लायकॉलचा द्रव तेथे चुकूनही वापरू नये. तो चवीला गोड असतो आणि मूत्रपिंड निकामी करतो. हंगाम सुरू होताना नळ्या आणि टाकी धुऊन, क्लोरीनचे पाणी फिरवून, पुन्हा धुतल्याशिवाय ते पाणी तोंडात घेऊ नये.

दुसरा प्रश्न उंदरांचा. बोटाएवढ्या भोकातून ते आत येतात आणि गादीचा फोम कुरतडून घरटे करतात. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या डीअर माऊस नावाच्या लहान उंदराच्या मूत्रात आणि लेंड्यांत हंता विषाणू असू शकतो. १९९३ मध्ये तेथे या आजाराची पहिली मोठी साथ ओळखली गेली. २०१२ मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात राहून गेलेल्या दहा जणांना तो झाला आणि त्यांपैकी तिघे दगावले. तेथील दुहेरी भिंतींच्या तंबूघरांत भिंतींमधल्या पोकळीत उंदरांची घरटी सापडली होती. सुरुवातीला ताप आणि अंगदुखी, मग अचानक धाप. फुप्फुसांपर्यंत पोहोचलेल्या आजारात दर दहांतले जवळपास चार रुग्ण वाचत नाहीत आणि त्यावर नेमके औषध नाही.

आपल्याकडे उंदीर म्हटले की पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस आठवतो. तो साचलेल्या पाण्यातून होतो, हंता मात्र कोरड्या धुळीतून. म्हणून लेंड्या दिसल्या की झाडू किंवा व्हॅक्यूम चालवू नये. आधी अर्धा तास दारे उघडी ठेवून बाहेर थांबावे. मग रबरी हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण त्यावर शिंपडावे, पाच मिनिटे भिजू द्यावे आणि कागदाने टिपून घ्यावे. केरसुणी घेऊन कामाला लागण्याची आपली सवय येथे घातक ठरते.

मागे ओढताना

ट्रेलरचा अपघात बहुधा वजनाच्या चुकीच्या मांडणीतून होतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार मोटारीला जोडणाऱ्या हिचवर यायला हवा. सामान मागे रचले, मागच्या बंपरवर सायकली टांगल्या की पुढचा भार घटतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो. घाबरून जोरात ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंग फिरवले तर झोका वाढतो. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर तेवढेच हाताने लावावेत.

हिचवरचा भार म्हणजे ६०० किलोच्या ट्रेलरसाठी ६० ते ९० किलो. तो वाकून हाताने उचलणे म्हणजे कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीला आमंत्रण. त्यासाठी जॅक असतो. टायरच्या बाबतीत नक्षीपेक्षा वय महत्त्वाचे. वर्षभर उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, आतून कडक होतात. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत तो कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला, हे लिहिलेले असते. चाकांच्या बेअरिंगना वर्षातून एकदा ग्रीस, बाहेरच्या जेलकोटला उन्हापासून वाचवायला मेण आणि खिडक्यांच्या कडांची तपासणी, एवढ्यावर हे कवच दोन पिढ्या टिकते.

महाराष्ट्रातही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आले. येथील गाड्या वेगळ्या घडणीच्या असल्या तरी बंद डब्यात झोपणाऱ्या माणसाचे शरीरशास्त्र तेच राहते. अशा गाडीत रात्र काढायची असेल तर एसी आणि टीव्हीची चौकशी करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. रात्रभर हवा कुठून येते, जनरेटरचा धूर कुठे जातो आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर कुठे आहे. मग गजराचे बटण दाबून तो वाजतो का, हे झोपण्याआधी स्वतः ऐकावे.