खुब्याचा सांधा व त्याचे बंध

नांगराचा फाळ झिजला कीं शेतकरी लोहाराकडे जातो. गाड्याचा आंस कुरकुरूं लागला कीं त्यास वंगण देतो. परंतु ज्या सांध्याच्या जोरावर तो स्वतः व त्याचा बैल दिवसभर शेतांत उभे असतात, त्या खुब्याच्या सांध्याची रचना कशी आहे याचा विचार क्वचितच होतो. तो सांधा निखळला म्हणजे लोहारही उपयोगी पडत नाहीं आणि वंगणही. ऐन पेरणींत बैल पाय फांकून बसला, अथवा नुकतीच व्यालेली गाय फरशीवर घसरून पुन्हां उठलीच नाहीं, तर त्या वर्षाचा सारा हिशेबच चुकतो. यासाठीं या सांध्यास जखडून ठेवणारे बंध कोणते, ते हालचालींत केव्हां ताणले जातात व केव्हां सैल पडतात, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

खुब्याचा सांधा उखळी जातीचा आहे. कमरेच्या हाडांत वाटीसारखी एक खोल खळगी असते व तींत मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा गोल माथा बसतो. खळगीच्या कांठावर कूर्चेची कड असते. तिच्यामुळें वाटी अधिक खोल होते. या सर्वांवरून एक जाड पिशवी असून तिला बाहेरून तीन मोठे पट्टे बळकटी देतात. दोन हाडांस एकमेकांशीं बांधून ठेवणाऱ्या अशा पांढऱ्या चिवट पट्ट्यांस संधिबंध म्हणतात. माणसाच्या खुब्याच्या पुढील बाजूचा बंध उलट्या धरलेल्या बेचकीसारखा दिसतो व मानवी शरीरांतील सर्वांत बळकट बंधांत त्याची गणना होते. अमेरिकेंतील बोस्टन येथील शस्त्रवैद्य हेन्री जेकब बिगेलो यांनीं १८६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, निखळलेला खुबा जागेवर बसवितांना या बंधाचें महत्त्व किती आहे, हें दाखवून दिलें. दुसरा बंध पुढून खालच्या अंगास व तिसरा मागील अंगास असतो. यांखेरीज सांध्याच्या आंत, माथ्यापासून खळगीच्या तळाकडे जाणारी एक आंखूड दोरी असते.

संधिबंध रबरासारखा लांबतो अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. त्याचे तंतू विश्रांतींत बारीक लाटांप्रमाणें नागमोडी असतात. ताण बसूं लागला कीं प्रथम त्या लाटा सरळ होतात; तेवढ्यापुरतें लांबणें सोपें असतें. पुढें मात्र तो घट्ट ओढलेल्या वाखाच्या दोरासारखा कडक होतो व अल्प लांबीसाठींही फार जोर लागतो. मूळ लांबीच्या शेंकडा ३–४ इतकी वाढ झाली तरी ताण सुटतांच तो बहुधा पूर्ववत् होतो. त्याच्या फार पलीकडे गेल्यास तंतू तुटूं लागतात. बैलाच्या मानेंत वरच्या बाजूस जो पिवळसर जाड बंध असतो तो मात्र खरोखरच लवचिक आहे. बैल मान खालीं घालून चरतो तेव्हां तो लांबतो व मान उचलतांना स्नायूंस साहाय्य करितो. खुब्याचे बंध त्या जातीचे नव्हत. त्यांचें काम ओढण्याचें नसून अडविण्याचें आहे. दावें सैल असतें तोंवर जनावर मोकळें फिरतें, आणि दाव्याची लांबी संपली कीं थांबतें. मांडीचें व या बंधांचें नातें तसेंच आहे.

आतां निरनिराळ्या हालचालींत काय घडतें तें पाहूं. माणूस ताठ उभा राहिला किंवा त्यानें पाय मागें नेला, म्हणजे हे तिन्ही बंध मांडीच्या हाडाच्या मानेभोंवतीं पिळले जातात. दोरास पीळ घातला कीं तो आंखूड व घट्ट होतो. तसेच हे बंध घट्ट होऊन माथ्यास खळगींत दाबून धरितात. म्हणूनच पाय मागें फार थोडा, सुमारें १० ते २० अंशच जातो. उलट गुडघा मोडून मांडी पोटाकडे आणिली तर ती सुमारें १२० अंश वर येते, कारण तेव्हां पीळ उलगडून बंध सैल पडतात. पाय बाहेर फांकला कीं खालच्या अंगाचा बंध ताणतो. मांडी आंत वळविली कीं मागचा ताणतो. बाहेर वळविली कीं पुढचा अडवितो. ताठ उभ्या माणसाचा भार खुब्याच्या किंचित् मागून खालीं उतरतो व पुढच्या बंधावर तोलला जातो. स्नायूंस फारसे श्रम पडत नाहींत. राखणदार बांधावर तासन्‌तास उभा राहूं शकतो, यांत या बंधाचा मोठा वांटा आहे.

खुरपणी अथवा भाताची लावणी करितांना स्थिति पालटते. वांकलेल्या खुब्याचे बंध सैल असल्यानें शरीराचा तोल पाठीच्या व कुल्ल्याच्या स्नायूंस सांभाळावा लागतो; म्हणून वांकून केलेलें काम अधिक थकविणारें असतें. दुसरें असें कीं, खुबा निखळण्याचा धोकाही वांकलेल्या स्थितींतच अधिक असतो. बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर समोरून जोराचा आघात झाला, तर मांडीचा माथा मागील बाजूस बाहेर पडतो. त्या वेळीं पुढचा बळकट बंध बहुधा शाबूत राहतो व तोच मांडी आंत वळवून धरितो. अशा माणसाचा पाय घरच्या घरीं ओढूं नये. माथ्यास होणारा रक्ताचा पुरवठा खुंटण्याची भीति असल्यामुळें त्यास न हालवितां कांहीं तासांच्या आंतच रुग्णालयांत न्यावें.

बैलाचा खुबा उभा असतांही वांकलेलाच असतो. त्यामुळें माणसाप्रमाणें बंधांवर भार टाकून तो उभा राहूं शकत नाहीं. घोड्याच्या खुब्यास पोटाच्या स्नायूंच्या कंडरेपासून आलेला एक जादा बंध असतो; तो मागचा पाय फार बाहेर जाऊं देत नाहीं. गाईबैलांस तो नसतो. म्हणूनच घोडा लाथ बहुधा सरळ मागें झाडतो, पण गाय बाजूसही मारते, हें धार काढणारास ठाऊकच आहे. ही मोकळीक फुकटची नाहीं. गाईबैलांच्या सांध्यांतील आंतली दोरी बारीक असते, कित्येकांत मुळींच नसते. निसरड्यांत पाय फांकले कीं मांडीच्या आंतील स्नायू फाटतात किंवा माथा खळगींतून निसटतो. तो बहुधा वर व पुढें सरकतो, आणि पाय आंखूड होऊन बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो. हा सांधा बसविण्याचा यत्न पहिल्या दिवसांतच झाला तर यशाची आशा अधिक. पुढें ती झपाट्यानें कमी होते.

गाय विण्यास आली म्हणजे धोका अधिक वाढतो. माकडहाडाच्या वरील भागापासून कमरेच्या हाडापर्यंत दोन्ही बाजूंस जाणारा रुंद बंध एरव्हीं बोटांस दोरीसारखा कठीण लागतो. विण्यापूर्वीं शरीरांत उत्पन्न होणाऱ्या कांहीं संप्रेरकांमुळें तो मऊ पडतो, शेंपटीच्या बुडाशीं दोन्हीकडे खळगे दिसूं लागतात व कास भरते. तो अगदींच ढिला झाला तर गाय बहुधा एका दिवसाच्या आंत वितें. वासरास वाट मिळावी यासाठीं निसर्गानें केलेली ही सोय आहे. पण बंध ढिले झालेलें जनावर गुळगुळीत फरशीवर उभें करणें म्हणजे सैल जोत्याची गाडी उतारावर सोडण्यासारखें होय. मोठें वासरूं ओढून काढितांना कमरेच्या आंतून जाणारी एक नस चेपली, तर मांडी आंत ओढणारे स्नायू दुबळे होतात व मागचे दोन्ही पाय फांकतात. अशा गाईस मातीच्या जमिनीवर भरपूर काड टाकून ठेवावें. मागचे दोन्ही पाय, खुरांच्या वरील सांध्यापाशीं, रुंद मऊ पट्ट्यानें, सहज उभें राहण्याइतकें अंतर सोडून बांधावे, कांहीं तासांनीं कूस बदलावी आणि पशुवैद्यास विलंब न लावतां बोलवावें.

माणसाच्या नवजात बालकाचे बंधही प्रथम सैल असतात. पाय सरळ व जवळ करून दुपट्यांत आवळून गुंडाळण्याच्या रूढीनें खुबा सरकण्याचा संभव वाढतो. जपानांत १९७५ च्या सुमारास ही रूढि सोडण्याविषयीं मातांस व आज्यांस सांगण्याची मोहीम निघाली आणि अशा बालकांचें प्रमाण पुष्कळ घटलें. आपल्याकडे मूल कडेवर घेतांना त्याच्या मांड्या वांकून फांकलेल्या राहतात. त्या स्थितींत माथा खळगींत नीट बसतो. तान्ह्यास गुंडाळतांनाही त्याचे पाय मोकळे ठेवणें हितावह आहे.

सारांश, बंधाचें बळ मोठें, पण त्याची मर्यादा आंखूड. तो मर्यादेच्या आंत आयुष्यभर चाकरी करितो. ती एकदां मोडली कीं, रक्ताचा पुरवठा थोडा असल्यानें, फार सावकाश भरून येतो आणि पूर्वीचा ताठपणा क्वचितच पुन्हां मिळतो. गोठ्याची फरशी घोटून गुळगुळीत न करितां तिला खांचा पाडाव्या, शेण-मूत्र सांचूं देऊं नये, विणारीस मातीची किंवा काडाची जागा द्यावी, आणि चिखलांत रुतलेल्या बैलास पाय ओढून नव्हे, तर पोटाखालून रुंद पट्टे घालून वर काढावें. एवढी खबरदारी घेण्यास पैसा थोडाच लागतो. न घेतल्यास जी किंमत द्यावी लागते ती मात्र आपल्या अनुभवी वाचकांस सांगण्याची गरज नाहीं.