नौका, गळ आणि दोन दिवसांची सुटी

मासे धरावयास निघणाऱ्या माणसाला एकांत प्रिय असतो असा सर्वत्र समज आहे, आणि तो बऱ्याच अंशीं खराहि आहे. परंतु वाहत्या नदींतून लहानशा नौकांत बसून, वाटेंत मुक्काम करीत आणि गळ टाकीत जाण्याचा जो एक प्रकार अमेरिकेंत रूढ आहे, तो एकट्यानें करण्यासारखा नाहीं. त्यास सहा-आठ जणांची मंडळी लागते. आणि मंडळी म्हटली कीं कामाची वांटणी आली, खर्चाचा हिशेब आला, थोडीशी शिस्तहि आली. शनिवार-रविवारच्या अशा सफरीची आंखणी कशी करावी लागते, हें समजून घेण्यास मिसूरी राज्यांतील करंट नदीचें उदाहरण फार सोयीचें आहे.

मिसूरीच्या दक्षिण भागांत ओझार्क नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. डोंगर फारसे उंच नाहींत. पण त्यांच्या पोटांतील खडक चुनखडीच्या जातीचा असल्यामुळें तो पाण्यानें झिजून आंतून पोखरला गेला आहे. पावसाचें पाणी जमिनींत गडप होतें, भुयारांतून मैलोगणती वाहतें आणि मोठमोठ्या झऱ्यांच्या रूपानें पुन्हां वर येतें. करंट नदी मुख्यतः अशा झऱ्यांवरच पोसलेली आहे. त्यामुळें भर उन्हाळ्यांत, आसपासचे ओढे कोरडे पडले असतांहि, तिच्यांत नाव तरंगण्यापुरतें पाणी असतें. झऱ्यांतून निघणारें हें पाणी सुमारें १४ अंश सेंटिग्रेड इतकें थंड असतें, आणि नितळ तर असें कीं डोहाच्या तळचे गोटे मोजून घ्यावे. या नदीवर धरणें बांधण्याच्या योजना पूर्वीं झाल्या होत्या. त्या मागें पडल्या, आणि २७ ऑगस्ट १९६४ रोजीं झालेल्या कायद्यानें करंट व तिला मिळणारी जॅक्स फोर्क या दोन नद्यांचा मिळून सुमारें १३४ मैलांचा प्रवाह राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थेखालीं राखून ठेवण्यांत आला.

नौका दोन प्रकारच्या. कनू ही लांबोडी, वरून उघडी. तींत दोघे जण पुढें-मागें बसतात, एकाच पात्याचें वल्हें वापरतात, आणि मधल्या जागेंत बिऱ्हाड मावतें. कयाक ही अरुंद, बुटकी व बहुधा एकट्याची. तिचें वल्हें दोन्ही टोंकांस पातें असलेलें. उत्तर अमेरिकेच्या अरण्यांतील मूळ रहिवाशांनीं भूर्जाच्या सालीची कनू बनविली आणि ध्रुवप्रदेशांतील इनुइट शिकाऱ्यांनीं सीलच्या कातड्याची कयाक. आतां साल आणि कातडें दोन्ही गेलीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विमानें बांधणाऱ्या ग्रमन कंपनीनें अल्युमिनियमच्या कनू काढल्या, आणि त्यानंतर प्लॅस्टिक आलें. ज्यानें कोंकणांतील उलांडी लावलेली होडी पाहिली आहे, त्यास प्रथम कनूंत बसतांना ती फारच चंचल वाटेल. कारण तोल सांभाळणारी उलांडी येथें नाहीं, तो तोल बसणारानें स्वतःच्या कमरेनें सांभाळावयाचा असतो. म्हणून उभें राहावयाचें नाहीं, हा पहिला नियम. सामान तळाशीं आणि मध्यावर ठेवावें, आणि भरलेल्या नौकेचा कांठ पाण्याच्या वर निदान सहा इंच तरी राहिला पाहिजे.

आठ जणांच्या मंडळीस तीन कनू व दोन कयाक पुरतात. केवळ कयाकच घेतल्या तर प्रत्येकास मनसोक्त गळ टाकतां येतो. पण तंबू, शिधा आणि बर्फाची पेटी कोणी न्यावी? केवळ कनू घेतल्या तर सामानाची सोय होते. पण प्रत्येक नावेंत एकास वल्हें धरून बसावें लागतें. दोघांनीं एकाच वेळीं गळ टाकले कीं नाव आपल्या मर्जीप्रमाणें जाऊं लागते. यास्तव पुढच्यानें गळ टाकावा, मागच्यानें नाव धरावी, आणि दर तासानें जागा बदलावी. ही बदली उथळ पाण्यांत नाव गोट्यांवर टेंकवून करावी, चालत्या नावेंत नव्हे. हा तासाचा करार घरून निघण्यापूर्वींच झालेला बरा. मित्रामित्रांतील कलह बहुधा मासा कोणाचा यावरून होत नाहींत. वल्हें कोणी किती वेळ मारलें यावरूनच होतात.

आतां टप्पा. एकर्स या ठिकाणाहून निघून पुलटाइटपर्यंत सुमारें १० मैल, आणि पुलटाइटहून राउंड स्प्रिंगपर्यंत जवळजवळ तितकेच. नुसतें वल्हवीत जाणारा मनुष्य १० मैल चार-पांच तासांत सहज तोडतो. म्हणून नवखी मंडळी नकाशा पाहून दिवसाचा टप्पा १५ मैलांचा ठरवितात आणि तेथेंच फसतात. गळ टाकणाराची नाव प्रवाहाच्याहि मागें राहावयास पाहते. चांगला डोह दिसला कीं अर्धा तास गेला, गळ बुडालेल्या ओंडक्यांत अडकला कीं पाव तास गेला, आणि जेवणाचा तास तर धरलेलाच. आठ जणांत हे सर्व उशीर एकमेकांत मिळतात. तेव्हां दहा मैलांस पुरा दिवस द्यावा, सकाळीं सातला निघावें आणि चारच्या सुमारास मुक्कामीं लागावें. पहिल्या दिवशीं साधारण अर्ध्या वाटेवर केव्ह स्प्रिंग लागतो. तेथें कड्याच्या पायथ्याशीं गुहेचें तोंड असून झऱ्याच्या निळसर, खोल पाण्यावरून नाव थेट आंत नेतां येते. मासे मिळोत न मिळोत, तेथें थांबल्यावांचून जाऊं नये.

नदी एकाच दिशेनें वाहते, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. पण तिचा हिशेब फार थोडे लोक करतात. मोटारी एकर्सला ठेवल्या तर सफर राउंड स्प्रिंगला संपेल आणि मंडळी ओल्या कपड्यांनीं रस्त्यावर उभी राहील. यास दोन उपाय. शुक्रवारीं सायंकाळींच एक-दोन मोटारी राउंड स्प्रिंगला नेऊन ठेवाव्या आणि उरलेल्या मोटारींतून सर्वांनीं वर यावें. किंवा नौका भाड्यानें देणाऱ्या परवानाधारक व्यापाऱ्याशीं मोटारी पोंचविण्याचें ठरवून टाकावें. दुसऱ्या उपायास पैसे अधिक लागतात, पण डोंगरांतील वळणावळणाच्या रस्त्यांवर जाणारे दोन तास वांचतात. मंडळी लहान असेल तर पहिला, मोठी असेल तर दुसरा उपाय चांगला.

ऋतु कोणता निवडावा? जून ते ऑगस्टमधील शनिवारीं या नदीवर भाड्याच्या नौकांची इतकी गर्दी आणि आरडाओरड असते कीं मासे दगडांखालीं दडून बसतात. मे महिना किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. उन्हाळ्यांतच जावयाचें असेल तर पहांटे निघावें. ऊन वर येण्यापूर्वीं मासा तोंड उघडतो, आणि भाड्याच्या नौका तोंपर्यंत धक्क्यावरच असतात.

परंतु वसंत ऋतु जितका सुंदर तितकाच दगाबाज आहे. डोंगराळ मुलखांतील पाऊस उतारावरून एकदम खालीं येतो, आणि सायंकाळीं घोट्याइतकें असलेलें पाणी पहांटे तंबूंत शिरतें. शेजारच्या आर्कान्सास राज्यांत ११ जून २०१० रोजीं लिट्ल मिसूरी नदीच्या कांठीं मुक्कामास उतरलेल्या लोकांवर रात्रीच्या अंधारांत असाच पूर आला आणि २० जण मरण पावले; त्यांत मुलेंहि होतीं. खुद्द करंट नदीला एप्रिल २०१७च्या अखेरीस आलेल्या पुरांत व्हॅन ब्युरेन गांवाजवळ पाण्याची पातळी ३७ फुटांच्याहि वर गेली, आणि १९०४ सालापासूनचा उच्चांक मोडला. अमेरिकेच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यानें या नदीवर पाण्याची उंची मोजणारीं यंत्रें बसविलीं आहेत आणि त्यांचे आंकडे कोणासहि घरबसल्या पाहतां येतात. ते चार-पांच दिवस आधींपासून रोज पाहावे, म्हणजे नेहमींची पातळी कोणती आणि चढ कोणता हें कळूं लागतें. त्याबरोबर नदीच्या वरच्या अंगाच्या मुलखांतील पावसाचा अंदाजहि पाहावा. मुक्कामाच्या जागीं चांदणें असलें म्हणून वर पाऊस नाहीं असें होत नाहीं.

पाणी कोणत्या आंकड्यावर गेलें असतां सफर रद्द करावयाची, तो आंकडा जाणत्या स्थानिक माणसास विचारून, घरींच आणि सर्वांच्या समक्ष ठरवावा. नदीच्या कांठीं पोंचल्यावर हा निर्णय नीट होत नाहीं. रजा काढलेली असते, अनामत भरलेली असते, एक जण दोनशें मैलांवरून आलेला असतो. अशा वेळीं "एवढ्या पाण्यानें काय होतें" म्हणणारा जिंकतो आणि "परत जाऊं या" म्हणणारा भित्रा ठरतो. आधीं ठरलेला आंकडा असला म्हणजे कोणासच भित्रें व्हावें लागत नाहीं. मंडळींत एक नायक असावा तो मुख्यतः याच कामाकरितां.

पाण्यावर उतरल्यानंतर खरा धोका खडकांचा नसून झाडांचा असतो. वळणाच्या बाहेरच्या अंगास प्रवाह कांठ कापतो आणि तेथील मोठमोठीं झाडें मुळांसकट नदींत कोसळतात. फांद्यांच्या जाळ्यांतून पाणी जातें, माणूस मात्र अडकतो आणि पाण्याच्या जोरानें तेथेंच दाबला जातो. म्हणून वळण दिसतांच नाव आंतल्या अंगास घ्यावी, आणि पलीकडचें दिसत नसेल तर कांठाला लावून पायीं जाऊन पाहून यावें. नाव उलटलीच तर तिच्या वरच्या बाजूस राहावें. खालच्या बाजूस राहणारा मनुष्य पाण्यानें भरलेली नाव आणि खडक यांच्यामध्यें चिरडला जातो. उताणें होऊन पाय पुढें, प्रवाहाच्या दिशेस व पाण्याच्या पृष्ठाशीं ठेवावे. जोराच्या पाण्यांत उभें राहण्याचा प्रयत्न केल्यास पाऊल दगडांच्या फटींत अडकतें. तरंगविणारें जाकीट प्रत्येकामागें एक असलेंच पाहिजे. सात वर्षांखालील मुलांनीं तें अंगांत घातलें पाहिजे असा मिसूरीचा कायदा आहे. पण उशाला ठेवलेल्या जाकिटानें प्रौढ मनुष्यहि तरत नाहीं. जोराच्या प्रवाहांत नांगर टाकूं नये. सर्वांत जाणता मनुष्य पहिल्या नावेंत, दुसरा जाणता शेवटच्या नावेंत, आणि प्रत्येकानें आपल्या मागची नाव दृष्टीआड होऊं द्यावयाची नाहीं, एवढ्या एका नियमानें निम्मी काळजी दूर होते.

आतां ज्याकरितां हा खटाटोप, तो मासा. नदीच्या उगमाकडील थंड पाण्यांत ट्राउट असतो. तो मूळचा तेथला नव्हे, बाहेरून आणून सोडलेला आहे. येथला खरा धनी स्मॉलमाउथ बास. हिरवट तपकिरी रंगाचा हा मासा दगडांच्या आडोशास, वेगाचें पाणी आणि संथ पाणी जेथें भेटतें त्या रेषेवर उभा असतो आणि खेंकड्याच्या जातीच्या क्रेफिशवर जगतो. म्हणून गळाचें कृत्रिम आमिषहि क्रेफिशसारखें असावें आणि तें तळाजवळून न्यावें. वसंतांत नर गोट्यांत घरटें करून अंड्यांचें रक्षण करतो. त्या दिवसांत तो जवळ आलेल्या कशावरहि तुटून पडतो, आणि अशा वेळीं त्यास धरणें हें कौशल्य नव्हे. ओझार्कच्या ओढ्यांत हा मासा हळू वाढतो. बारा इंचांचा होण्यास त्यास चार वर्षें, प्रसंगीं अधिकहि लागतात. आठ जणांनीं एका दिवसांत सापडेल तो ठेवला तर तो डोह कित्येक वर्षें ओस पडेल. कोणता मासा, किती इंचांचा, किती आणि कोणत्या महिन्यांत ठेवावा याचे नियम नदीच्या भागाभागाप्रमाणें निरनिराळे आहेत. परवाना काढतांनाच ते पाहून घ्यावे. गळाच्या टोंकाची उलटी धार चिमट्यानें दाबून टाकली म्हणजे मासा इजेवांचून सोडतां येतो, आणि मागच्याच्या कानांत गळ रुतला तर तोहि. टोपी व चष्मा प्रत्येकास हवाच. लोकरी तळव्यांचे बूट मात्र नेऊं नयेत: त्यांतून परक्या पाण्यांतील शेवाळ येतें म्हणून ट्राउटच्या पाण्यांत त्यांना मिसूरीनें २०१२ सालीं बंदी केली होती. आपल्याकडे चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लास या ग्रंथांत गळानें मासे धरण्याच्या विनोदास स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. तेव्हां हा छंद केवळ साहेबी आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

रात्रीचें जेवण माशांवर अवलंबून ठेवूं नये, हें सांगावयास नकोच. कांचेच्या बाटल्या या नदीवर नेण्यास मनाई आहे. मुक्काम गोट्यांच्या पुळणींवर करतां येतो. पण तंबू पाण्यालगत न ठोकतां सर्वांत उंच भागीं ठोकावे, आणि मागें डोंगराकडे चढून जाण्याची वाट उजेड असतांनाच पाहून ठेवावी. नौका वर ओढून झाडांस बांधाव्या. निजण्यापूर्वीं पाण्याच्या अगदीं कडेला एक काटकी रोवावी. रात्रीं जो जागा होईल त्यानें ती पाहावी. काटकी पाण्यांत गेली असेल तर सर्वांस उठवावें, मग कोणी कितीहि कुरकुर करो. शौचास पाण्यापासून दोनशें फूट तरी दूर जावें, कारण पोखरलेल्या या भूमींत घाण मुरून शुद्ध होत नाहीं, ती झऱ्यावाटे पुन्हां नदींतच येते.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं राउंड स्प्रिंगचा पूल दिसूं लागतो. नौका कांठाला लावाव्या, माणसें मोजावीं, वल्हीं मोजावीं. आणि एक लहानशी गोष्ट, जी शुक्रवारींच पाहावयाची असते: राउंड स्प्रिंगला ठेवलेल्या मोटारीची किल्ली एकर्सला ठेवलेल्या मोटारींत राहूं देऊं नये. ती नायकाच्या खिशांत, बंद होणाऱ्या खिशांत, दोऱ्यानें बांधून असावी.