मुलाच्या तोंडचा शब्द आणि शाळेची भाषा

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, अंबड तालुक्यात, गोदावरीच्या तीरी शहागड वसले आहे. या गावाच्या नावातच दोन भाषा एकत्र नांदतात. 'शहा' हा शब्द फारसी, तर 'गड' हा एतद्देशीय. शाळेतही तोच प्रकार दिसून येतो. 'हजेरी'चे मूळ अरबीत, 'दप्तर' व 'शाई' यांचे फारसीत आहे. 'पेन्सिल' इंग्रजीतून आली, तर 'बटाटा' पोर्तुगीजांकडून. हे सर्व शब्द मराठीने आपलेसे केले. उलट, दखनी बोलीतील 'नक्को' हा मराठी 'नको'च होय. अशी ही देवघेव शतकानुशतके चालू आहे.

असे असता, पहिलीतील मूल 'शेत' न म्हणता 'वावर' म्हणाले की ते चुकले असे अनेकदा मानले जाते. वस्तुतः ज्या जमिनीला येथे 'वावर' म्हणतात तिला कोल्हापूरकडे 'रान' म्हणतात, आणि कोकणात भातशेतीच्या तुकड्याला 'खाचर' म्हणतात. यांपैकी कोणताही शब्द अशुद्ध नाही. वर्ग हसला व शिक्षकांनी 'चूक' म्हटले, तर मूल शब्द सुधारीत नाही. ते बोलणेच सोडून देते. जे मूल बोलत नाही ते वाचावयासही उशिरा शिकते. ही हानी मोठी आहे.

आपल्या वर्गात विविध घरांतील मुले असतात. तांड्यावरील मूल आईला 'याडी' म्हणते. मुसलमान कुटुंबातील मूल घरी दखनी बोलते. आईवडिलांबरोबर ऊसतोडीसाठी कर्नाटकात गेलेले मूल परत येते ते उसाला 'कब्बू' व गुळाला 'बेल्ल' म्हणतात हे शिकून. अशा मुलाचा अभ्यास मागे पडलेला असतो. परंतु ते रिकाम्या हाताने आलेले नसते, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे.

२०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे सांगितली. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय अपेक्षिलेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा वा घरच्या भाषेचा पुरस्कार केला आहे.

यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. प्रत्येक वर्गात एक शब्दवही ठेवावी. तीत चार रकाने आखावेत: घरचा शब्द, तो कोण बोलते, त्याचे वाक्य व पुस्तकातील शब्द. आठवड्यातून एकदा मुलांनी आजीआजोबांना विचारून शब्द आणावेत. विजेचे पंप आले आणि मोट गेली; तिच्याबरोबर 'नाडा', 'धाव', 'थारोळे' हे शब्दही विसरले जात आहेत. ते सांगणारी माणसे आज गावात आहेत, तोवरच ते टिपून घेता येतील.

याचा अर्थ प्रमाण भाषा शिकवू नये असा नव्हे. पुढील शिक्षण, अर्ज, परीक्षा हे सारे तिच्यातूनच होते, म्हणून ती प्रत्येक मुलाला उत्तम आलीच पाहिजे. क्रम मात्र पाळावा. ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे अध्यापनाचे जुने सूत्र भाषेलाही लागू आहे. आधी 'वावर' फळ्यावर लिहावे, मग त्याच्याच शेजारी 'शेत' लिहावे, आणि पहिला शब्द पुसू नये.