एकाच इलेक्ट्रॉनाच्या दोन वाटा

2023 चं भौतिकशास्त्राचं नोबेल पिएर अगोस्तिनी, फेरेन्क क्राउस आणि अ‍ॅन लुइलिए यांना मिळालं आणि ‘अ‍ॅटोसेकंद’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. सेकंदाचे एकावर अठरा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे अ‍ॅटोसेकंद. याच काळपट्टीवर लेसरच्या अतिलघू स्पंदांनी अणूतल्या इलेक्ट्रॉनाचं व्यतिकरण हवं तसं घडवता येतं. त्याविषयीचे काही गैरसमज मात्र दूर व्हायला हवेत.

गैरसमज : व्यतिकरण म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची टक्कर.

वस्तुस्थिती : इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले तरी व्यतिकरणाचे पट्टे उमटतात. जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये ते दाखवून दिलं. इलेक्ट्रॉनापुढे दोन वाटा असतील आणि तो कुठल्या वाटेने आला हे कळायला मार्ग नसेल, तर त्या दोन वाटांचे तरंग कुठे एकमेकांत भर घालतात, कुठे एकमेकांना पुसतात.

गैरसमज : दोन वाटांसाठी दोन फटींचा पडदा हवाच.

वस्तुस्थिती : फटी काळातही असतात! जर्मनीतलं गार्खिंग आणि व्हिएन्ना इथल्या संशोधकांचा 2005 सालचा प्रयोग पाहा. त्यांनी आर्गॉन वायूवर मोजकीच आंदोलनं असलेले लेसर स्पंद सोडले. विद्युत क्षेत्र शिखरावर असतं त्या क्षणाच्या आसपासच इलेक्ट्रॉन अणूतून सुटतो. तो क्षण म्हणजे फट. पुढच्या अर्ध्या आंदोलनात क्षेत्राची दिशा उलटते आणि इलेक्ट्रॉनही दुसऱ्या बाजूला जातो. स्पंदाच्या आतल्या तरंगाची कला, म्हणजे त्याची शिखरं स्पंदात कुठे येतात ते, थोडी सरकवली, की एका बाजूला दोन फटी उघडतात, दुसऱ्या बाजूला एकच. दोन असतील तिथे ऊर्जेच्या वर्णपटात पट्टे ठळक दिसतात. एकच असेल तिथे इलेक्ट्रॉन केव्हा सुटला हे ठरून जातं आणि पट्टे पुसट होतात. एकाच इलेक्ट्रॉनासमोर एकाच वेळी एक फट आणि दोन फटी! पुंजभौतिकीतला इतका देखणा प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

गैरसमज : लेसर जितका जोरदार, तितका ताबा जास्त.

वस्तुस्थिती : इलेक्ट्रॉन सुटायला पुरेसं तीव्र क्षेत्र लागतंच, पण व्यतिकरणावरचा ताबा येतो तो कलेतून. आणि ‘जोरदार’ या शब्दानेही फसू नये : एक मिलिज्यूल ऊर्जा पाच फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे हजार अ‍ॅटोसेकंद) सोडली, तर शक्ती 200 गिगावॉट भरते, पण तेवढ्या ऊर्जेने पाण्याचा एक थेंबही कोमट होणार नाही.

गैरसमज : अ‍ॅटोसेकंदाचं काही मोजायचं तर स्पंदही अ‍ॅटोसेकंदाचाच हवा आणि त्यातून इलेक्ट्रॉनाचा फोटो निघतो.

वस्तुस्थिती : 2005 च्या त्या प्रयोगातले स्पंद फेम्टोसेकंदांचे होते, आणि फोटो कुणीच काढला नाही. संशोधकांनी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा नोंदवल्या, पट्टे मोजले आणि त्यांच्या संख्येवरून काळातल्या फटीची रुंदी काढली : सुमारे 500 अ‍ॅटोसेकंद.