होडी, पाणी आणि पहिली दहा मिनिटे

२०२३ च्या मे महिन्यात मी मुलीकडे टोरांटोला गेलो होतो. तिथे ती ओंटारिओ सरोवरात शिडाची होडी चालवायला शिकत होती. सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गावचे तळे येते. हे मात्र सुमारे १९ हजार चौरस किलोमीटरचे पाणी. पोहता न येणाऱ्या बापाच्या पोटात गोळाच आला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा येऊन बघा तरी." म्हणून काठावर बसून मीही ती शिकवणी ऐकली. त्यातले जे डॉक्टर म्हणून पटले, ते वाचकांपुढे ठेवतो.

त्या होडीच्या तळाला पात्यासारखा एक जड भाग असतो. त्याला कील म्हणतात. त्यात शिसे किंवा लोखंड असते. वाऱ्याने होडी कलली की हे वजन तिला पुन्हा सरळ करते. म्हणजे होडी सहसा उलटत नाही. मग धोका कशाचा? माणूस पाण्यात पडण्याचा! शिडाच्या खालची आडवी दांडी वारा फिरला की झटक्यात एका बाजूची दुसऱ्या बाजूला येते. ती डोक्याला लागली तर माणूस बेशुद्ध होऊनच पाण्यात जातो. म्हणून होडीचा प्रमुख, आपल्या कोकणातला तांडेल, शीड फिरवण्याआधी मोठ्याने सांगतो आणि सगळे डोके खाली घेतात.

मे महिन्यात तिथले पाणी १० अंशांपेक्षाही थंड असू शकते. अशा पाण्यात पडताच माणूस धापा टाकू लागतो आणि त्यातच नाकातोंडात पाणी जाते. कॅनडातील डॉ. गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी यासाठी एक सोपे सूत्र रूढ केले : एक-दहा-एक. पहिले १ मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा. पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला मात्र साधारण १ तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी हातपाय गळून बुडतो. अंगात तरंगते जाकीट असेल, तरच तो एक तास त्याच्या वाट्याला येतो.

कोणी पडलेच, तर एकाने त्याच्यावरची नजर न हलवता बोट दाखवत राहायचे, दुसऱ्याने तरंगणारी वस्तू फेकायची आणि तांडेलाने होडी वाऱ्याच्या तोंडावर आणून त्याच्याजवळ थांबवायची. हा सराव मुलीकडून पुन्हा पुन्हा करून घेतला. निघण्यापूर्वी हवामान पाहणे, परतण्याची वेळ काठावर सांगून ठेवणे आणि दारूला हात न लावणे हेही त्यातच आले.

आपल्याकडचे पाणी इतके थंड नसते, पण धरणाच्या पाण्यात सहलीची होडी भरताना जाकिटे बहुधा बसायच्या फळीखालीच असतात. "दहा मिनिटांचा तर प्रवास," असे आपण म्हणतो. बुडायला तेवढा वेळही लागत नाही.

काही वर्षांपूर्वी तलावातून काढलेला एक चौदा वर्षांचा मुलगा माझ्याकडे जीपमधून आणला. लोकांनी त्याला उलटे धरले, पोट दाबले, पाणी काढण्यात अर्धा तास घालवला. श्वास मात्र कोणी दिला नाही. मी काही करू शकलो नाही. त्याच्या आईला काय सांगावे, हे मला आजही सुचत नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. बुडणाऱ्याला वाचवायला स्वतः उडी घेऊ नका. दोर, धोतर, बांबू, रिकामा बंद कॅन, जे हाती येईल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका. श्वास चालू नसेल तर नाक बंद करून, हनुवटी वर उचलून आधी तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात दाबा आणि पुन्हा २ श्वास. मिनिटाला १०० ते १२० दाब, हा वेग ठेवा. दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच, कारण फुफ्फुसाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

मुलगी आता स्वतः होडी नेते. मला अजूनही भीती वाटते. पण निघताना ती जाकिटाचा पट्टा ओढून दाखवते, तेव्हा जरा कमी वाटते.